भाऊंच्या शेडमधलं औषध

मी औषधी मशरूमच्या युनिटमध्ये लॅब सांभाळते हे कळलं, की पाहुणे आधी चहाचा कप खाली ठेवतात आणि तब्येतीचं विचारायला लागतात. गुडघ्याला चालेल का, शुगरला चालेल का, जावयाला झोप येत नाही त्याला चालेल का. यातलं मला काही सांगता येत नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकले, डॉक्टरकी नाही. किस्से मात्र विचारा. ते इतके साठलेत की कधीकधी भर मीटिंगमध्ये हसू येतं आणि खोकल्याचं सोंग करावं लागतं. त्यातला एकही मला रचावा लागलेला नाही. सकाळी शेडचं दार उघडलं की नवा तयारच असतो.

आधी माणसं सांगते. सुलतानपूरच्या बाहेर मेहकर रोडला सुधाकरभाऊंची सोयाबीनची जुनी गोदामं होती. भाऊ मोठे शेतकरी, बोलायला गोड, अंगात कायम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते पुण्यात कुठल्याशा शिबिराला गेले, तिथे एकाचं भाषण ऐकलं आणि परत आल्यावर गोदामांना 'शेड' म्हणायला लागले. भाषण देणारे पुढे आमचे कन्सल्टंट झाले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. सर अधूनमधून गाडीने येतात, बूट न काढता शेडमध्ये शिरतात, दोन इंग्रजी शब्द सोडतात आणि जेवून जातात. भाऊंच्या मिसेस, मंगलावहिनी, पॅकिंग बघतात. आणि चौथी मी.

आमची पिकं दोन. एक रेशी. लाकडावर येतं, लाखेसारखं तांबूस चमकतं, आणि चांगलं आलेलं असेल तर इतकं कडू की तोंड वाकडं होतं. दुसरं कॉर्डिसेप्स, बरणीत उगवणाऱ्या केशरी काड्या. दोन्ही नखरेल. कशावर वाढले, किती उजेडात, किती हवेत, कधी काढले, त्यावर त्यांच्यात काय उतरणार ते ठरतं. एकाच नावाच्या दोन मशरूममध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. हे मी भाऊंना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी स्पेशल चहा मागवला.

* * *

सुरुवात उजेडापासून करते.

कॉर्डिसेप्स अंधारात वाढतं, पण फिकं राहतं. उजेड मिळाला की केशरी रंग धरतं, आणि रंगासोबत आतली द्रव्यंही बदलतात. सरांनी सांगितलं, निळे एलईडी लावा. भाऊंचा एक मित्र लग्नाच्या डेकोरेशनचं काम करतो. भाऊंनी त्याच्याकडून माळा आणल्या. लाल, हिरव्या, निळ्या, आणि पळणाऱ्या. रॅकवर ओळीने बरण्या आणि भोवती ही लुकलुक. शेजारच्या मळ्यातल्या बाया विचारायला आल्या, आत गणपती बसवला का म्हणून.

मी म्हटलं, भाऊ, उजेड स्थिर पाहिजे आणि ठरल्या वेळेला पाहिजे. ते म्हणाले, त्यात निळा आहे ना. मी म्हटलं, आहे, पण तो पळतो. यावर त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

उन्हाळ्यात डीपी, म्हणजे रोडवरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. जनरेटरवर फक्त एसी चालायचा, त्यामुळे माळा बंद. नवी डीपी येईपर्यंत बरण्या अंधारात राहिल्या आणि माल आला तो बटाट्याच्या कोंबासारखा पांढरा. हा विकू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. भाऊंनी त्याला 'दुर्मिळ श्वेत प्रकार' असं नाव दिलं आणि रोडवरच्या स्टॉलवर सगळ्यात पुढे मांडला.

लोणारचं सरोवर बघायला जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरूनच जातात. त्यातली एक थांबली. नागपूरच्या एक बाई उतरल्या, दोन्ही डब्या दोन हातांत घेतल्या आणि विचारलं, यांच्यात फरक काय? मी मागेच उभी होते. म्हटलं, आता बघू काय सांगतात. भाऊ जराही अडखळले नाहीत.

"पांढरं बायांसाठी हाय, केशरी माणसांसाठी."

बाईंनी दोन्ही घेतल्या.

* * *

मग हवेचं झालं.

रेशीला छत्री धरायला ताजी हवा लागते. कोंदट जागेत कार्बन डायऑक्साइड साचला, की छत्री उमलतच नाही. नुसते दांडे वर वर जातात, त्यांना फाटे फुटतात आणि हरणाच्या शिंगासारखं दिसायला लागतं. काही लोक मुद्दाम तसं वाढवतात, त्यांचं गणित वेगळं. आमच्याकडे मुद्दाम काहीच नव्हतं. एसीची गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून भाऊंनी सगळ्या खिडक्या प्लॅस्टिक लावून टेपने बंद केल्या होत्या. आत काम करणाऱ्या बाया अर्ध्या तासात डोकं धरून बाहेर यायच्या. मी झरोके उघडायला सांगितले, तर भाऊ म्हणाले, बायांना सवय नाही एसीची.

भुशाच्या पिशव्यांतून शिंगं वर आली. सर आले, त्यांनी ती पाहिली आणि टाळी वाजवली. म्हणाले, परदेशात यालाच मागणी आहे. भाऊ खूश. फोटोग्राफर आला. भाऊ शिंगांच्या डाव्या बाजूला, सर उजव्या बाजूला, दोघांचेही हात कमरेवर. फोटोग्राफर म्हणत होता थोडं हसा, तेवढ्यात मंगलावहिनी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांनी शिंगांकडे पाहिलं, टेप मारलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. वहिनी दहावीनंतर शिकलेल्या नाहीत आणि त्यांना मशरूममध्ये रसही नाही. त्या एवढंच बोलल्या:

"त्याले श्वास नाही येऊन राह्यला, अन् तुम्ही त्याचे फोटो काढून राह्यले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन काढून शेडमध्ये बसवून घेतला. तेव्हापासून भाऊंच्या घरी फोडणीचा ठसका थेट बैठकीपर्यंत येतो. कोणी विचारलं तर भाऊ सांगतात, मिरची यंदा जास्तच तिखट आहे.

* * *

सरांनी एकदा भाषणात सांगितलं, की मशरूम ज्यावर वाढतं त्यातलं घेतं. हे खरंच आहे. म्हणून तर आम्ही फर्निचरवाल्याकडचा प्लायवूडचा भुसा हातात धरत नाही. पण भाऊंनी या वाक्याचा वेगळाच अर्थ लावला. रेशी औषधी, कडुलिंब औषधी. मग रेशी कडुलिंबावर वाढवलं तर डबल औषध होईल.

मी सांगितलं की भाऊ, कडुलिंबाची ख्यातीच बुरशी मारण्याची, आणि आपलं मशरूम म्हणजे बुरशीच. भाऊ म्हणाले, ट्राय करायला काय जातं. कडुलिंबाच्या भुशाच्या पिशव्या भरल्या, बी सोडलं, वाट पाहिली. पिशव्या भरल्या तशाच राहिल्या. साधी खराब बुरशीसुद्धा त्यांच्यावर यायला तयार नव्हती.

मग घाईघाईने सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुसकटावर, रेशी घेतलं. ते भसाभस आलं. मोठं, चकचकीत, बघायला सुंदर. मी तुकडा चावला तर चव भिजवलेल्या पुठ्ठ्याची. जुनी गिऱ्हाइकं लगेच फोन करायला लागली, की भाऊ, यावेळी कडू नाही. कडूपणा हीच त्यांची खात्री होती, आणि त्यात ते लोक फारसे चुकत नव्हते.

आठवडाभरात तक्रारी बंद झाल्या. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. ग्राइंडर उघडून पाहिला. तांबूस पावडरीत हिरवट झाक होती. बोटावर घेऊन चाटलं, तर कडुलिंबाचा पाला. मी भाऊंना बोलावलं आणि विचारलं, हे हिरवं काय आहे. त्यांनी लपवालपवी केली नाही. तो त्यांचा स्वभावच नाही.

"कडूपना कमी पडून राह्यला होता मॅडम. तो वरून टाकला."

भाजीत मीठ कमी पडल्यावर बाया ज्या सुरात बोलतात, अगदी त्या सुरात.

* * *

लोणार एवढं जवळ असल्यावर सरोवराचं पाणी आमच्या शेडमध्ये कधी ना कधी येणारच होतं.

कोणीतरी भाऊंच्या डोक्यात भरवलं, की त्या पाण्यात इतकी खनिजं आहेत की ते फवारलं तर मशरूममध्ये सगळी उतरतील. तिथून पाणी उचलायला बंदी आहे, हे मी सांगितलं. तरी एक दिवस कॅन आले. आणणाऱ्याचं नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी पीएचची पट्टी त्यात बुडवली. ती गर्द निळी झाली. भाऊंना दाखवलं की हे पाणी सोड्यासारखं आहे, आणि आपल्या पिकाला किंचित आंबट लागतं. भाऊंना पट्टीचा रंग फार आवडला.

मी दुपारी जेवायला घरी गेले. परत येईपर्यंत दुसऱ्या शेडमध्ये फवारणी झाली होती.

पिशव्यांमधलं बुरशीचं पांढरंशुभ्र जाळं आधी पिवळं पडलं, मग तपकिरी, मग त्यातून पाणी सुटलं. वास असा की रोडवरून जाणारे नाकाला रुमाल लावायला लागले. सरांना फोन केला. सर म्हणाले, घाबरू नका, ही शॉक ट्रीटमेंट आहे. यातून जे जगेल ते फार पॉवरफुल असेल. मग आम्ही जगेल त्याची वाट पाहत बसलो.

काहीच जगलं नाही. सगळ्या पिशव्या खड्ड्यात गेल्या. रिकाम्या शेडमध्ये मधोमध उभे राहून भाऊंनी चारी बाजूंना पाहिलं आणि निष्कर्ष काढला:

"म्हंजे आपलं मशरूमच कमजोर होतं."

* * *

आता एक किस्सा असा, की तो सांगताना मला अजून राग येतो.

भाऊंच्या बहिणीच्या घरी लग्न होतं. सगळं घर तिकडे. जाताना भाऊ म्हणाले, मॅडम, ती शेड रिकामीच पडली आहे, तुम्ही बघा काय करायचं ते. मी याच वाक्याची किती दिवस वाट पाहत होते.

मेहकरच्या आरा मशिनवरून आंब्याचा आणि बाभळीचा भुसा आणला. स्वतः उभी राहून निवडला, वाफवून घेतला. खिडक्यांना जाळी लावली. उजेड बेताचा, हवा खेळती, पाणी साधं विहिरीचं. भाऊ लग्नाहून परतले, पण मी त्यांना त्या शेडच्या दाराशी फिरकू दिलं नाही. दोन-तीन महिन्यांनी छत्र्या धरल्या. त्यांची पांढरी कड जाईपर्यंत हात लावला नाही, कारण कच्चं काढलं की सगळी मेहनत फुकट. एक दिवस छत्र्यांवर कोकोसारखी तपकिरी धूळ बसलेली दिसली. पिकलं. मी एक बारीक तुकडा चावला. तो कडूपणा जिभेवरून घशात गेला, कानापर्यंत गेला, आणि जेवण झालं तरी हटला नाही. मी तिथेच स्टुलावर बसून एकटी हसत होते. बाहेरच्या लॅबमध्ये नमुना पाठवला. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, मॅडम, हे कुठलं आहे? सुलतानपूरचं, असं मी सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज जरा मोठाच झाला.

यानं कोणाचा रोग बरा होतो का, ते मी सांगणार नाही. ते तपासणारे तपासतील. पण रेशी म्हणून जे असायला पाहिजे, ते त्या छत्र्यांमध्ये होतं.

मग भाऊंना शेडमध्ये बोलावलं. त्यांनाही एक तुकडा चावायला दिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, हे पहिल्यांदा औषधासारखं लागलं. मी म्हटलं, याच्या डब्या वेगळ्या ठेवू. हो हो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा पॅकिंगच्या खोलीत मोठा पिंप उघडा होता. त्यात कुटारावरची पुठ्ठ्याच्या चवीची सगळी पावडर, आणि तिच्यावर माझी तपकिरी पावडर ओतून भाऊ स्वतः लाकडी दांड्याने ढवळत होते. माझं तोंड बघून त्यांनी मलाच समजावलं.

"सगळ्या गिऱ्हाइकाईले थोडं थोडं पोचलं पाह्यजे ना ताई. एकट्यादुकट्यानंच काऊन खावं?"

* * *

सरांचा पुढचा शोध तर याहून सोपा होता. छत्रीची वाटच कशाला पाहायची? ज्वारी शिजवायची, तिच्यावर बुरशीचं पांढरं जाळं वाढू द्यायचं, ते ज्वारीसकट वाळवायचं आणि ज्वारीसकट दळायचं. महिन्यांचं काम काही दिवसांत. भाऊंना हे इतकं पटलं की तिसरी शेड त्याच कामाला लावली.

मी टेबलावर थोडी पावडर घेतली आणि वर आयोडीनचा थेंब टाकला. पावडर निळीकाळी झाली. शाळेत बटाट्यावर आपण सगळ्यांनी केलंय ते.

"निळं म्हंजे चांगलं का वाईट?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, भाऊ, निळं म्हणजे स्टार्च. यात मशरूम नावाला आहे, बाकी सगळी ज्वारी. सर तिथेच होते. ते म्हणाले, मॅडमचं शिक्षण जुन्या पद्धतीचं आहे. याला ज्वारी म्हणत नाहीत, याला 'फुल स्पेक्ट्रम' म्हणतात. भाऊंनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाठ केला.

मंगलावहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना पावडरीचा एक डबा घेऊन गेल्या.

सर दुपारी जेवायला बसले. झुणका, ठेचा, कांदा आणि गरम भाकरी. मीही पंगतीला होते. सरांनी पहिली भाकरी संपवली, दुसरी मागून घेतली. पुण्यात अशी ज्वारी मिळत नाही, म्हणाले. ही शाळू का? कुठल्या शेतातली?

वहिनी तव्यावरची उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिसऱ्या शेडमधली."

भाऊंचा घास हातातच राहिला. सरांनी मात्र ताटातली संपवली. ठेचा खरोखरच चांगला झाला होता.

* * *

इथपर्यंत मी हे सगळं हसत सांगू शकते. पुढचं नाही.

आमच्या घराशेजारी तायडे गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. मला अक्षर त्यांनी शिकवलं, माझ्या नवऱ्यालाही शिकवलं, आणि सुधाकरभाऊंनाही. शुगर जुनी, पण शिस्त अशी की गोळी चुकली नाही, सकाळचं फिरणं चुकलं नाही. एका पौर्णिमेला विहारातल्या वंदनेला ते दिसले नाहीत. गुरुजी विहारात नाहीत म्हणजे काहीतरी झालंय, म्हणून मी आणि नवरा घरी गेलो.

गुरुजी खाटेवर होते. सुनेने सांगितलं, चपलेनं अंगठ्याला घासलं होतं, ते भरतच नाहीये. पायावर फडकं होतं. ते सोडायच्या आधीच वास आला. मी शुगरचं विचारलं, गोळ्या चालू आहेत ना. गुरुजी म्हणाले, गोळ्या सुटल्या. आणि त्यांनी फळीकडे बोट केलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली, घड्याळाशेजारी आमची डबी होती. तिसऱ्या शेडमधली.

पाहुण्यांना सरोवर दाखवून येताना त्यांनी ती स्टॉलवरून घेतली होती. भाऊंनी सांगितलं होतं, गुरुजी, यानं गोळ्या सुटतात. दिवसातून तीन वेळा, चमचा भरून. शुगरचा माणूस गोळ्या बंद करून निष्ठेने तीन वेळा ज्वारीचं पीठ खात होता.

आम्ही त्यांना तसंच गाडीत घातलं आणि मेहकरला नेलं. मेहकरच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि पुढे पाठवलं. अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर पाय गेला असता.

ऑपरेशननंतर मी त्यांच्याजवळ बसले होते. मी विचारलं, गुरुजी, तुम्ही तर औषधाची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचता. कोणीतरी सांगितलं म्हणून गोळ्या कशा सोडल्या? गुरुजी छताकडे बघत म्हणाले.

"वाचलं ना बाई. डबीवर तुझं नाव होतं. लॅब इन्चार्ज विद्या इंगळे. म्हटलं, आपल्या विद्यानं तपासलेलं हाय."

ती लेबलं भाऊंनी नुकतीच छापून आणली होती. मला विचारलं नव्हतं, दाखवली नव्हती. मी वॉर्डच्या बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहून रडले. असं रडणं मला आई गेल्यावरही आलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ भेटायला आले. सफरचंदं आणली होती. चेहरा खरोखर उतरलेला होता, ते मी नाकारत नाही. गुरुजींच्या पाया पडले. मग सफरचंदांच्या पिशवीत हात घालून त्यांनी एक नवी डबी काढली आणि हळूच उशाशी ठेवली.

"गुरुजी, मागचं ज्वारीवरचं होतं. हे लाकडावरचं हाय."

गुरुजींनी चष्मा मागितला. डबी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचली आणि भाऊंच्या पिशवीत परत ठेवली.

"सुधाकर," ते म्हणाले, "तू शाळेतही उत्तर पाहूनच लिहायचा. पन कोनाचं पाहावं, ते तुले तेव्हाही समजलं नाही."

* * *

त्यानंतर मी भाऊंना तीन गोष्टी सांगितल्या. माझं नाव काढा, तिसरी शेड बंद करा, आणि स्टॉलवर कोणाला गोळ्या सोडायला सांगितलेलं माझ्या कानावर आलं तर मी स्वतः तक्रार करीन. भाऊ म्हणाले, विचार करतो. मंगलावहिनी पॅकिंगच्या खोलीतून बाहेर आल्या, हात पुसले, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. विचार होईस्तोवर एकही डबी भरणार नाही, एवढंच म्हणाल्या. विचार त्याच दुपारी झाला.

जुनी लेबलं जाळली. ज्वारीचं पीठ ढोरांना गेलं. सर आता आमच्याकडे येत नाहीत. धामणगाव बढेकडे कोणाच्या तरी शेवग्याच्या पावडरीचे कन्सल्टंट आहेत, असं ऐकलं. गुरुजी काठी घेऊन चालतात आणि मला रस्त्यात भेटले की मुद्दाम थांबून बोलतात. आम्ही आता फक्त लाकडावरचं रेशी घेतो, कमी घेतो, आणि डबीवर ठळक अक्षरात छापतो की हे औषधाच्या बदल्यात घेऊ नये. तेवढी ओळ भाऊ स्टॉलवर अंगठ्याने झाकून डबी दाखवतात. मी बघितलं की अंगठा सरकतो.

* * *

शेवटचा सांगते आणि उठते.

ग्रामपंचायतीत आरोग्य शिबिर होतं. उद्घाटनाला भाऊ. फीत कापली, नारळ फोडला, दोन शब्द बोलले. मग फोटोसाठी पहिलं बोट त्यांनीच पुढे केलं. सिस्टरने थेंब घेतला, मशिन पाहिलं, दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतला. शुगर. चांगलीच वाढलेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, गोड बंद. भाऊंनी पहिली गोळी तिथेच, मंडपातच, पाण्याची बाटली मागवून घेतली. हार अजून गळ्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅकिंगच्या खोलीत आम्ही तिघं होतो. भाऊ खुर्चीत, कानाला फोन. पलीकडे अकोल्याचं कोणीतरी गिऱ्हाईक. रेशी कसं आतून शरीर सुधारतं, भाऊंचं सांगणं रंगात आलं होतं. साखर, रक्त, लिव्हर, सगळ्यावर. आवाजात अजिबात फरक नव्हता.

मंगलावहिनींनी नवी डबी फोडली. पेल्यात गरम पाणी घेतलं, चमचा भरून पावडर टाकली, नीट ढवळली, आणि पेला भाऊंच्या समोर ठेवला. चेहरा अगदी सरळ. वर बशी झाकून ठेवली, निवू नये म्हणून.

भाऊंनी पेल्याकडे पाहिलं. वहिनींकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मग फोनवर तळहात दाबून धरला आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"मंगला, मजाक नको करू. मले खरंच शुगर निघाली हाय."